परसाफूल आणि स्क्रब टायफस

"सापडलं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या कमरेवर टॉर्च धरला.

मी कुशीवर पडले होते, गुडघे पोटाशी घेऊन. पाठीत सुई टोचायची होती म्हणून नर्सनं परकराची नाडी सैल केली होती. नाडी जिथे बसते तिथेच एक काळी खपली होती, तुरीच्या डाळीएवढी, भोवती लालसर कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती, त्यामुळे कोणाचं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. मी शिवणकाम करणारी बाई. जन्मभर दुसऱ्यांच्या कमरेची मापं घेतली, आणि स्वतःच्या कमरेवर काय बसलंय याचा पत्ता नाही.

"याला एस्कार म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "यांना स्क्रब टायफस झालाय."

स्क्रब टायफस म्हणजे काय ते मला पुढे नीट समजलं, पण वाचणाऱ्यांसाठी आत्ताच सांगते. गवतात, झुडपात माइट नावाचे बारीक किडे असतात. त्यांची पिल्लं चावतात. ती डोळ्यांना सहज दिसत नाहीत, चावल्याचं कळत नाही. त्यांच्यातून जंतू रक्तात जातात, आणि चावल्या जागी बऱ्याचदा अशी खपली धरते. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही. वेळेवर औषध मिळालं तर उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, कुठेही पोचतो. माझ्या डोक्यापर्यंत पोचला होता.

मॅडमनी विचारलं, मागच्या दोन-तीन आठवड्यांत या शेतात, जंगलात, गवतात कुठे बसल्या होत्या का? मी उत्तर द्यायला बघत होते, पण जीभ जड झाली होती. माझे मिस्टर नामदेव पलंगाशी उभे होते. तेच बोलले.

"बसली होती ना. हिच्याच गावाले. दिवसभर गवतात बसून राह्यल्या दोघी."

'हिच्या' म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या. मला हलू न देण्यासाठी तिनं माझे गुडघे धरले होते आणि अंगठ्यानं ती हळूहळू चोळत होती. तो अंगठा थांबला. मला त्या दिवसांतलं फारसं काही धड आठवत नाही, सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं आहे. पण तो अंगठा थांबलेला मला लख्ख आठवतो. हे लिहायला बसले तेही त्याच्यामुळेच. मधेमधे औषधपाण्याचं येईल, ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी ते घ्यावं.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्यात ते घ्यायचं नसतं.

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या पुढे, छत्तीसगडच्या अंगाला जी गावं आहेत, तिथल्या काही घरांत मैत्री बांधायची रीत आहे. दोघी एकमेकींच्या कानामागे एकच फूल खोचतात, घरचे मोठे लोक समोर असतात, आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींचं नाव घेणं सोडतात. त्या फुलाच्या नावानं हाक मारायची, मरेपर्यंत. एकीच्या घरी सुतक असलं तर दुसरीलाही, एकीच्या घरी लग्न असलं तर दुसरीनं आमंत्रणाची वाट पाहायची नाही.

आम्ही दोघी गडचिरोलीला शिवणाच्या वर्गात एका मशीनवर शिकलो. ती गोंडांची, मी बौद्ध घरातली. सुट्टीत तिच्या गावाला गेले तेव्हा फाल्गुन होता, पळस फुलला होता. पळसाला आमच्याकडे परसा म्हणतात. तिची आई म्हणाली, दोघी एवढ्या चिकटून राहता तर बांधूनच टाका. माझे बाबा अशा गोष्टींत कडक होते. त्यांनी निरोप पाठवला की फुलं खुशाल द्या-घ्या, पण देवबीव आणि नारळबिरळ काही नको. तिच्या आईनं तेही मान्य केलं. तेव्हापासून ती माझी परसाफूल आणि मी तिची.

बांधायला एक दुपार लागली. राखायला मात्र बरीच मेहनत पडते, आणि ती मेहनत कोणी बोलून दाखवत नाही. माझं दुकान चामोर्शीला, बसस्टँडजवळ. तिचं गाव जंगलात. बस फाट्यापर्यंत जाते, पुढे पायवाट. गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून दर रविवारी दुपारी ती तळ्याच्या पाळीवर चढते आणि मला फोन करते. त्या वेळेला मी मशीन थांबवते. लग्नसराईत गिऱ्हाइकं डोळे वटारतात. मी म्हणते, बसा थोडं, माझा रविवार आहे. अर्धा फोन तर 'ऐकू येते का?' यातच जातो. उरलेल्या अर्ध्यात तिची म्हैस, माझी पाठ, तिची सून, माझी लेक.

वर्षातून एकदा, नव्या धानाच्या पंडुमला, म्हणजे सणाला, मी तिच्याकडे जाते. मोहाचा हंगाम सरला की ती माझ्याकडे येते. दर वेळी हौसेनंच जाते असं नाही. कधी लेकीची परीक्षा असते, कधी ब्लाऊजांचा ढीग पडलेला असतो, कधी नुसताच कंटाळा. जाताना बसमध्ये मी कुरकुरते आणि येताना डोळे पुसते. नामदेव म्हणतात, मग जातेस कशाला? त्यांना मी अजून समजावून सांगू शकलेले नाही.

या वेळीही गेले. नवं धान भाजून कुटलं होतं. तिच्या घरामागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, आम्ही दुपारभर बसलो. गवत मऊ होतं. ऊन पिवळं होऊन धानावर उतरत होतं, म्हैस पाण्यात बसली होती, आणि तिनं माझे केस विंचरायला घेतले. मी मागे रेलले आणि बोलता बोलता तिथेच गवतात झोपले. जागी झाले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या, आणि ती माझ्या तोंडावरच्या माश्या हाकलत तशीच बसून होती. इतकं स्वस्थ मला त्या वर्षात कुठेच वाटलं नव्हतं. ते पिल्लू तेव्हाच चावलं असणार.

घरी आल्यावर आठवडा-दीड आठवड्यानं थंडी वाजून ताप आला. डोकं फुटायला लागलं, डोळे लाल झाले, अंग ठेचल्यासारखं. गावातल्या डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी केली, ती निघाली नाही. टायफॉइड असेल म्हणून गोळ्या दिल्या. ताप हटेना. तशात मी दुकानात बसत होते, कारण दुखणं अंगावर काढायची आमची जुनी खोड. मग एका ब्लाऊजला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या आणि चांगलं झालं म्हणून नामदेवना दाखवला. त्यांनी मशीनवर कापड झाकलं आणि ऑटो बोलावला.

गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचले ते मला आठवत नाही. आठवते ती बांधी. वॉर्डातल्या पलंगांच्या मधे धुरे होते, पाणी भरलेलं होतं, आणि नर्सा कपडे वर धरून त्यातून चालत होत्या. वरचा पंखा म्हणजे माझ्या मशीनचं चाक होतं आणि कोणीतरी हिरवं कापड शिवत होतं, न संपणारं. मला भीती वाटत नव्हती. हे मी मुद्दाम सांगते. बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला वाटतं की आतला माणूस हाल सोसतोय. मी तर मजेत होते, थंड पाण्यात पाय सोडून. हाल नामदेवचे चालले होते. म्हणून नातेवाइकांना सांगणं आहे, पेशंट भ्रमात असेल तेव्हा तुम्ही दोन घास खाऊन घ्या.

रविवारी माझा फोन वाजला तो नामदेवनी उचलला आणि तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती हजर. दोन बस बदलून, अंगावरच्या लुगड्यानिशी. माझ्या बांधीत तीही उतरली एवढंच मला समजलं.

त्यानंतर मॅडम ओरिएंटेशन तपासायला आल्या. ओरिएंटेशन म्हणजे आपण कुठे आहोत, आज कोणता वार, समोर कोण आहे, याचं भान. त्यांनी वार विचारला. मी म्हटलं, रविवार. कुठे आहात? मी म्हटलं, बांधीत. मग तिच्याकडे बोट दाखवून, या कोण? मी म्हटलं, परसाफूल.

"फूल नाही, यांचं नाव सांगा."

मी तोंड मिटलं. डोक्यातलं सगळं इकडचं तिकडे झालं होतं, पण नाव घ्यायचं नाही हे जागच्या जागी होतं. मॅडमनी तिला विचारलं की या तुम्हाला ओळखत नाहीत का? ती म्हणाली, वळखते ना. मग नाव का सांगत नाहीत? ती म्हणाली, घेऊ नाई. बरं, तुम्ही तरी पेशंटचं नाव सांगा. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, परसाफूल.

मॅडम परभणीकडच्या, नव्याच आलेल्या. त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि लंबर पंक्चर करू म्हणाल्या. म्हणजे कमरेपाशी मणक्यांच्या मधून सुई घालून तिथलं पाणी काढायचं आणि मेंदूत सूज किंवा जंतू आहेत का ते बघायचं. त्यासाठी मला कुशीवर वळवलं, नाडी सोडली, आणि खपली दिसली. पुढे शुद्धीवर आल्यावर मी मॅडमना आमची रीत सांगितली तेव्हा त्या खुर्चीत बसून हसल्या. म्हणाल्या, तुमची पहिली दोन उत्तरंच पुरेशी होती, नाव सांगितलं असतं तरी मी ती सुई टोचलीच असती. मला ते पटलेलं नाही. मी तर मानते की नाव घेतलं असतं तर नाडी तशीच बांधलेली राहिली असती.

औषध साधंच होतं, डॉक्सीसायक्लीन. जुनं अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध. सलाइनमधून आणखी काय काय गेलं. रक्ताच्या तपासणीनंही तोच आजार सांगितला. दोन दिवसांत ताप उतरला. पाणी ओसरलं, धुरे गेले, फरशी दिसायला लागली. खिडकीत सकाळचं ऊन होतं. मी पायाशी पाहिलं, तिथे कोणी नव्हतं.

"गेली," नामदेव म्हणाले. "पहाटच्या गाडीनं."

"काही बोलली?"

"काई नाई. धान कापायचं हाय म्हणे, जातो म्हणे."

मी विचारलं, तुम्ही काही बोललात का तिला? ते म्हणाले, जे खरं तेच बोललो. माणूस वाईट नाही. इतके दिवस बाकड्यावर काढले होते, घाबरून गेले होते. घाबरलेल्या माणसाला कोणावर तरी राग काढायचा असतो, आणि ती समोर होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. तापात नव्हतं आलं.

घरी सोडलं तेव्हा वाटलं होतं की आता संपलं. आजार घरी आल्यावर निम्मा उरलेला असतो, हे कोणी सांगत नाही. मशीनचं पायडल दोन वेळा मारलं की छाती धडधडायची. कानांत रातकिडे बोलत राहायचे. मॅडम म्हणाल्या होत्या, या आजारात असं होऊ शकतं, सावकाश जाईल. दुपारी डोळा लागायचा आणि जागं झाल्यावर कोणता दिवस ते समजायचं नाही. अंगणातलं ऊन सरकताना पाहत मी पडून असायचे. विचारही करवत नव्हता.

भेटायला बायका आल्या. शहाळी, चिकू, बिस्किटं आली. प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगायचं, मग तिच्या आत्याला काय झालं होतं ते ऐकायचं. मोबाइलवर गुलाबाची चित्रं आणि जोडलेले हात इतके आले की फोन भरला. चेष्टा करते, पण आल्या याचं मोल आहेच. पुढे येणं कमी झालं. साहजिक आहे, ज्याला त्याला आपापलं घर. शेजारच्या रमाबाई तेवढ्या रोज पाच मिनिटं यायच्या, पाण्याचा हंडा भरून ठेवायच्या आणि काही न विचारता जायच्या. आजारी माणसाकडे जाणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

रविवारी मात्र फोन वाजला नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी लावायचे, तर ती बाई सांगायची की संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुपारी मी फोन मांडीवर घेऊन बसायचे. कानांतल्या किड्यांमुळे वाटायचं की वाजतोय. उचलून पाहायचे, तर नाही.

ती का करत नव्हती हे मला ठाऊक होतं. तिच्या घरी मी पाहुणी म्हणून गेले आणि तिथून मरण घेऊन आले, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि मला धास्ती पडली की या तापानं मला सोडलं, पण आमच्यातलं जे आहे ते तो नेणार. नामदेव म्हणाले, आता बस झालं तिथी जाणं, फोनवर बोला काय बोलायचं ते. फोनच येत नाही, मी म्हटलं.

तपासणीला गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, काही शंका? मी म्हटलं, एकच. मी तिच्या गावाला पुन्हा जाऊ का? नामदेव शेजारीच बसले होते.

मॅडम म्हणाल्या, "जा की. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही, म्हणून काळजी घ्या. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गवतावर बसू नका, झोपू नका. आल्यावर अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा. ताप आला तर लगेच इकडे या आणि कुठे गेला होतात ते आधी सांगा. पण माणसांकडे जाणं बंद करा असं मी कधी कोणाला सांगत नाही."

परतताना बसमध्ये नामदेव म्हणाले, एकटीनं जायचं नाही, मी येतो.

आम्ही निघालो तेव्हा थंडी पडली होती. नामदेवनी दुकानातलं प्लास्टिकचं स्टूल बरोबर घेतलं होतं. मी हजारदा म्हटलं, लोक हसतील. ते म्हणाले, हसू दे, तू गवतात बसणार नाहीस. दोन्ही बसमध्ये ते मांडीवर धरून बसले. धानोऱ्याला कंडक्टरनं विचारलं, याचं तिकीट?

फाट्यावर उतरलो. धुकं होतं. सागाची पानं त्यात भिजून गळत होती, आणि सगळीकडे इतकं शांत की कानांतले किडेही गप्प बसल्यासारखे वाटले. त्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत असतं. चालताना लुगड्याला घासतं, कुसळं चिकटतात. मी पदर खोचून तयारीनं वळले आणि थांबले.

गवत नव्हतं. वाट मोकळी होती, दोन्ही अंगांनी हातभर, दीड हात, मुळापासून खरवडलेली. लाल माती उघडी पडली होती. नामदेव म्हणाले, ग्रामपंचायतीनं काम काढलं वाटते. आम्ही चालत राहिलो. वाट वळली तिथे मोकळी जागाही वळली, नाला उतरला तिथे उतरली. पुढे दुसऱ्या घरांकडे वाटा फुटतात, तिथलं गवत जसंच्या तसं उभं होतं. मोकळी पट्टी एकाच घराकडे गेली होती. नामदेवची पावलं हळू झाली. स्टूल त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं.

तिचं अंगण लख्ख होतं. घरामागचा धुरा, जिथे मी झोपले होते, तोही सोलून काढलेला. धुक्यात पलीकडे ती दिसली, पाठमोरी, वाकलेली. हातात फावडं.

मी हाक मारली. ती वळली, आणि आधी हात लुगड्यात लपवले. मी ते ओढून घेतले. तळवे फोडांनी भरले होते, काही फुटलेले, काही वाळलेले.

"फोन काऊन नाई केला?" मी विचारलं.

"अजून तळ्याकडचं राह्यलं व्हतं," ती म्हणाली. "सारं झाल्यावर करणार व्हती. त्याच्या पयले कोणत्या तोंडानं ये म्हणू तुले?"

मला आधी राग आला. आजारी पडल्यापासून साठलेला सगळा राग. मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुले चावला असता तं? तू पडली असती तं मी कुठी गेली असती? ती ऐकत उभी राहिली. मग दोघी रडलो, आणि ते रडणं बराच वेळ चाललं. माझ्या आजारात ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. डॉक्टर मॅडमची, त्या नर्सची, रमाबाईंची. पण हे तळवे पाहिल्यावर मला उपकार कसे मानायचे ते सुचेना. मी ते नुसते धरून ठेवले.

नामदेव पुढे आले. स्टूल मातीत टेकवलं, मला त्यावर बसवलं आणि तिच्या पायाशी पडलेलं फावडं उचललं. म्हणाले, "बसा बाई तुम्ही. तळ्याकडचं मी पाहतो." दवाखान्यानंतर ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. ती म्हणाली, राहू द्या भाऊ. ते थांबले नाहीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून धुक्यात शिरले.

ती माझ्याजवळ उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. ऊन वर येत होतं आणि उघडी माती वाफाळत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पाणी पडलं का हे सारं अजून उगवते."

"उगवू दे," मी म्हटलं. "अजून काढू."